आंतरराष्ट्रीय शाळेतली सहावी ते दहावी : प्रवेश घेण्यापूर्वी

सहावीच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. आखाती देशांतून परतणाऱ्या कोकणातल्या कुटुंबांकडून तो पूर्वीपासून येत होता, आता पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्यांकडूनही येतो. "मुलगी पाचवी पास होईल. जवळच्या शाळेत आयबी आहे, सहावीपासून एमवायपी. घालावे का?" अम्मी पुढे हमखास जोडतात, "तिथे ठरलेली पुस्तकेच नसतात म्हणे, मग मुले अभ्यास कशाचा करतात?" अब्बांची काळजी वेगळी असते. एवढी फी भरून पुढे डॉक्टरकीला अडचण तर येणार नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि शाळेच्या गुळगुळीत माहितीपुस्तिकेत दोन्हींची उत्तरे सहसा सापडत नाहीत. म्हणून या महिन्यात थोडे सविस्तर लिहितो.

आधी नावाचा गोंधळ दूर करू. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. ही संस्था १९६८ साली जिनिव्हा येथे स्थापन झाली. तिचा पहिला अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा, त्याला डिप्लोमा म्हणतात. मधल्या वयाच्या मुलांसाठीचा मिडल इयर्स प्रोग्राम, म्हणजेच एमवायपी, १९९४ साली सुरू झाला. तो ११ ते १६ या वयासाठी आहे, म्हणजे आपल्याकडची सहावी ते दहावी. पूर्ण पाच वर्षे तो सगळ्याच शाळा चालवत नाहीत. काही शाळा आठवीपर्यंत एमवायपी ठेवतात आणि नववी-दहावीला केंब्रिजच्या आयजीसीएसईकडे वळतात. ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी विचारली नाही तर तीन वर्षांनी अचानक कळते.

आणि हे लक्षात ठेवा की शाळेच्या पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहिले म्हणजे ती आयबीची झाली असे नाही. आपल्या शहरांतल्या कितीतरी 'इंटरनॅशनल स्कूल' साध्या सीबीएसईच्या शाळा आहेत. त्यात वाईट काही नाही, फक्त फी भरताना आपण कशाची भरतो आहोत ते माहीत असावे. आयबी प्रत्येक कार्यक्रमाची मान्यता वेगळी देते. एखाद्या शाळेला डिप्लोमाची मान्यता असते आणि एमवायपीची नसते. काही शाळा अजून 'उमेदवार' असतात, म्हणजे अर्ज केलेला, तयारी चालू, मान्यता बाकी. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचे नाव टाकले की कोणत्या कार्यक्रमाची मान्यता आहे ते पाच मिनिटांत दिसते. नातेवाइकांच्या सांगण्यावर जाण्याऐवजी ही पाच मिनिटे द्यावीत.

आता पुस्तकांचा प्रश्न. एमवायपीत विषयांचे आठ गट आहेत: भाषा आणि साहित्य, नवी शिकायची भाषा, समाजशास्त्रे, विज्ञान, गणित, कला, शारीरिक शिक्षण व आरोग्य, आणि डिझाइन. प्रत्येक गटाला वर्षात किमान ५० तास द्यावेच लागतात, शेवटच्या दोन वर्षांत थोडी निवड करता येते. म्हणजे चित्रकलेचा तास गणिताच्या सरांनी मागून घेतला, असे इथे चालत नाही. (आमच्या शिक्षक बंधू-भगिनींना हे वाचून हसू येईल.) पण बालभारतीसारखे एक ठरलेले पुस्तक आयबी देत नाही. काय शिकवायचे याची चौकट ती देते, धडे शाळेतले शिक्षक स्वतः बांधतात. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन एमवायपी शाळांमध्ये सातवीच्या विज्ञानात वेगवेगळी प्रकरणे दिसू शकतात. शाळेची सारी किंमत शिक्षकांवर ठरते ती यामुळेच. शिक्षक चांगले असतील तर पुस्तक नसणे ही नेमत आहे, आणि दर वर्षी शिक्षक बदलत असतील तर तीच गोष्ट आफत होते.

असा धडा कसा बांधतात हे सांगण्यासाठी आम्ही आपल्या घरातलेच उदाहरण घेतो. हे आयबीच्या कोणत्याही पुस्तकातले नाही, समजण्यापुरते आम्ही रचले आहे. समजा सातवीत शेकडेवारी शिकवायची आहे आणि विषय घेतला जकात. एमवायपीत प्रत्येक धड्याला तीन तऱ्हेचे प्रश्न लावतात. पहिला माहितीचा: दोन लाख रुपयांची जकात किती? चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, म्हणजे ५,००० रुपये. इथवर आपले नेहमीचे गणित. दुसरा प्रश्न कल्पनेचा: ठरावीक रक्कम घेणे आणि ठरावीक हिस्सा घेणे यात फरक काय पडतो? मूल कागदावर दोन रकाने करते आणि कमी मालमत्तेच्या माणसावर ठरावीक रकमेचा भार किती जड होतो ते स्वतः पाहते. तिसरा प्रश्न वादाचा, ज्याला एकच उत्तर नाही: साडेसात तोळे सोने आणि साडेबावन्न तोळे चांदी, हे दोन्ही निसाब, पण आजच्या बाजारभावात दोन्हींच्या किमतीत फार मोठे अंतर पडले आहे. रोख रकमेसाठी कोणता निसाब धरला तर गरिबांपर्यंत जास्त पोहोचते, आणि कोणता धरला तर मध्यम घरावर ओझे येते? मुलगी भाव शोधते, गणित करते, मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून येते आणि दोन पाने लिहिते.

शेकडेवारी तीच शिकली गेली. पण मुलीला आपले म्हणणे मांडावे लागले, त्याला आधार द्यावा लागला, मोठ्या माणसाला अदबीने प्रश्न विचारावा लागला. "अभ्यास कशाचा करतात" याचे उत्तर हे आहे.

यावरून एक गैरसमज पसरतो की अशा शाळांत पाठांतराला तुच्छ मानतात. ज्या घरात मूल हिफ्ज करते आहे तिथे ही शंका विशेष बोलून दाखवली जाते. आमचे मत स्पष्ट आहे. पाठांतर आणि विचार यांचे भांडण लावणारे दोन्ही बाजूंचे लोक चुकतात. एमवायपीच्या गणितात आणि विज्ञानात पहिली कसोटी ज्ञानाचीच आहे, आणि ज्याला पाढे येत नाहीत त्याला वरच्या धड्यातला पहिला प्रश्नही सुटणार नाही. हिफ्ज करणाऱ्या मुलाची खरी अडचण वेळेची असते. या शाळांचा दिवस लांब असतो, प्रकल्प घरी येतात आणि वर्षभर काही ना काही सादर करायचे असते. अकरा-बारा हेच वय हिफ्जचेही असते. दोन्ही एकाच वर्षी सुरू करू नये असा आमचा सल्ला आहे. दौर पक्का झाल्यावर शाळा बदलावी किंवा एक वर्ष थांबावे.

गुणांविषयी मात्र घराघरांत सर्वाधिक घबराट होते, म्हणून तिथे थोडे थांबू. एमवायपीत पहिला-दुसरा नंबर नसतो आणि शंभरपैकी गुणही नसतात. प्रत्येक विषयाला चार कसोट्या असतात. गणिताच्या पाहा: ज्ञान आणि समज, नमुने शोधणे, आपले गणित दुसऱ्याला कळेल असे मांडणे, आणि ते प्रत्यक्ष व्यवहारात वापरणे. प्रत्येक कसोटीला ० ते ८, चार मिळून ३२. त्यावरून १ ते ७ अशी श्रेणी ठरते. २८ ते ३२ असतील तर ७, २४ ते २७ ला ६, १९ ते २३ ला ५, १५ ते १८ ला ४.

आता होते असे की मुलीला १९ मिळतात, अब्बा मोबाइलवर हिशेब करतात, ५९ टक्के येतात, आणि आजवर ८५ टक्के आणणाऱ्या मुलीच्या घरात सन्नाटा पसरतो. पण १९ म्हणजे श्रेणी ५, आणि ती चांगली श्रेणी आहे. इथले ८ हे 'एकही चूक नाही' यासाठी मिळत नाहीत, अपरिचित प्रश्नातही वरच्या दर्जाचे काम सातत्याने दाखवले तर मिळतात. तेव्हा टक्के काढूच नयेत. निकालपत्रात चारही आकडे वेगळे दिलेले असतात, ते वाचावेत. ज्ञानात ७ आणि मांडणीत ३ असेल तर मुलीला गणित येते, लिहून दाखवता येत नाही. ही माहिती आपल्या नेहमीच्या ७२ टक्क्यांतून कधीच कळत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला शिक्षक म्हणून मनापासून आवडते. वर्षाअखेरची पातळी सरासरी काढून ठरवायची नसते. ऑगस्टमध्ये ३ मिळवणारे मूल मार्चमध्ये सातत्याने ६ च्या दर्जाचे काम करत असेल तर शिक्षकाने ते कुठे पोहोचले आहे ते पाहायचे, साडेचार लिहून मोकळे व्हायचे नाही. उशिरा उमलणाऱ्या मुलांना यात इन्साफ मिळतो. शिक्षकावर जबाबदारी वाढते हेही खरे.

पाचव्या वर्षी, म्हणजे दहावीत, प्रत्येक मुलाला एक 'पर्सनल प्रोजेक्ट' करावा लागतो. विषय मुलाने निवडायचा, सुमारे २५ तास काम, सोबत नोंदवही, आणि शेवटी जास्तीत जास्त १५ पानांचा अहवाल. त्याचे गुण आयबी बाहेरून तपासून पक्के करते. आपल्या घरांत यासाठी विषयांचा दुष्काळ नाही. एखादी मुलगी नानीकडून सांदण आणि जुने कोकणी पदार्थ शिकून त्यांची लिहिलेली वही तयार करू शकते. एखादा मुलगा खत्ताती शिकून आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीसाठी फलक करू शकतो. फक्त अब्बांनी सुताराकडून देखणे मॉडेल करवून आणू नये, कारण वस्तू किती सुंदर झाली याला गुण नाहीत. बेत कसा केला, कोणती कौशल्ये वापरली, आणि काय साधले-काय नाही याचा प्रामाणिक विचार केला का, याला गुण आहेत. प्रत्येकी ८, एकूण २४.

आता भाषेकडे वळू. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, तेव्हा इथे आमचा कल लपणार नाही. एमवायपीत निदान दोन भाषा घ्याव्याच लागतात. बहुतेक शाळांत पहिली इंग्रजी, दुसरी हिंदी, फ्रेंच किंवा स्पॅनिश. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांना मराठी शिकवणे सक्तीचे आहे, त्यामुळे मराठीलाही जागा मिळते. ही चांगली गोष्ट आहे. इथे राहणाऱ्या, इथेच नोकरी-व्यवसाय करणार असलेल्या मुलांना मराठी नीट यायलाच हवी. पण या रचनेत उर्दू कुठे बसते? बहुतेक ठिकाणी बसत नाही. गंमत अशी की आयबीच्या धोरणात मातृभाषेला आधार देण्याची जबाबदारी शाळेवर टाकलेली आहे आणि प्रत्येक शाळेकडे लिखित भाषा-धोरण असावे लागते. ते पालकांनी मागून पाहावे. चार-पाच घरांनी मिळून लेखी विनंती केली तर ग्रंथालयात उर्दू पुस्तके, शाळेनंतर एखादा तास, इतपत होऊ शकते. आयबीचे नियम याच्या आड येत नाहीत, पण कोणी मागितल्याशिवाय शाळा स्वतःहून करतील अशी आशा नको.

आखातातून परतणाऱ्या घरांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीत खाजगी शाळांमध्येही मुस्लिम मुलांना इस्लामी शिक्षण हा विषय सक्तीचा असतो, अरबीही शिकवतात. दुबईत एमवायपी करणाऱ्या मुलाला हे सारे शाळेच्या वेळापत्रकातच मिळते. तोच कार्यक्रम पुण्यात चालू ठेवला की कार्यक्रम तोच राहतो, पण हे दोन तास गळून पडतात. मग नाजिरा, दीनियात, अरबीची उजळणी यांची सोय घरी किंवा मकतबमध्ये करावी लागते, आणि शाळेची बस साडेचारला येत असेल तर असर ते मगरिबचा मकतब हुकतो. इशानंतरचा वर्ग किंवा शनिवार-रविवार, हे आधी ठरवावे. नमाजची जागा, मुलींचा खेळाचा आणि पोहण्याचा पोशाख, कला विषयात काय काय असते, हेही प्रवेशाआधी शांतपणे विचारावे. आमचा अनुभव असा की आधी विचारले तर शाळा सामावून घेतात, वर्षाच्या मध्यावर तक्रार म्हणून आले की गोष्ट ताणली जाते.

आता पैसा. या शाळांची फी वर्षाला काही लाखांत असते. पालक सहावीच्या फीचा हिशेब करतात, पण खरा हिशेब सात वर्षांचा आहे, कारण एमवायपीनंतरची स्वाभाविक वाट त्याच आयबीचा दोन वर्षांचा डिप्लोमा. समजण्यासाठी फी सहा लाख धरा आणि दर वर्षी दहा टक्के वाढ. सात वर्षांचे सुमारे ५७ लाख होतात. बस, सहली, लॅपटॉप, परीक्षा शुल्क वेगळे. एवढी रक्कम व्याजाच्या कर्जाशिवाय उभी राहत नसेल तर आमच्या मते हा रस्ता सोडून द्यावा, आणि त्यात कमीपणा मानू नये. घरात दोन-तीन भावंडे असतील आणि एकाच्याच शाळेवर सारी बचत जात असेल तरीही थांबावे. विशेषतः भावाला आयबी आणि बहिणीला गल्लीतली शाळा अशी वाटणी आम्ही पाहिली आहे. ती आम्हाला मान्य नाही.

कमी उत्पन्नाच्या घरांसाठी दारे अगदीच बंद नाहीत. हैदराबादची आगाखान अकॅडमी २०११ मध्ये सुरू झाली. ती निवासी आहे, सर्व धर्मांच्या मुलांसाठी खुली आहे, तिथे एमवायपी चालते, आणि गुणवत्तेवर निवड झालेल्या मुलांना घरच्या परिस्थितीनुसार फीमध्ये मदत मिळते. मुलाला वसतिगृहात ठेवण्याची तयारी हवी. मुंबईत महानगरपालिकेनेही आयबी आणि केंब्रिजशी जोडलेल्या शाळा सुरू केल्या आहेत. मुंबईकर वाचकांनी तिथे आपल्या मुलाची इयत्ता चालते का ते जाऊन पाहावे.

अब्बांच्या काळजीचे उत्तर राहिले. एमवायपीच्या शेवटी संगणकावर घेतली जाणारी ई-असेसमेंट ऐच्छिक आहे, ती घ्यायची की नाही हे शाळा ठरवते. ती दिली आणि ५६ पैकी किमान २८, शिवाय प्रत्येक भागात किमान ३ मिळाले, तसेच शाळेने सांगितलेले समाजसेवेचे काम केले, तर आयबीचे प्रमाणपत्र मिळते. शाळा ती घेत नसेल तर मुलाच्या हातात मुख्यतः शाळेचा स्वतःचा निकाल राहतो. दहावीनंतर राज्य मंडळाच्या अकरावीत यायचे असेल तर समकक्षतेचा प्रश्न तिथेच उभा राहतो. म्हणून मुलाला दहावीला नेमका कोणता कागद मिळणार, आणि मागच्या तुकड्यांतली मुले तो घेऊन कोणत्या कॉलेजात गेली, हे शाळेकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

नीटचे गणित याहून कठीण आहे. एमबीबीएससाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तिन्ही हवेत. आयबी डिप्लोमाची नेहमीची रचना अशी की विद्यार्थी सहा गटांतून विषय घेतो, आणि कला सोडून तिच्या जागी आणखी एक विज्ञान घेतले तरी दोनच विज्ञाने होतात. तिसऱ्यासाठी खास परवानगीची वेगळी रचना करावी लागते. ते अशक्य नाही, पण सोपे नाही. शिवाय नीटची तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर होते. ज्या घरात मुलीला भारतात डॉक्टर करायचे हे आधीच पक्के आहे, त्या घराने एमवायपी केलेच तर आठवीपर्यंत करावे आणि नववीला सीबीएसई किंवा राज्य मंडळाकडे यावे, असे आम्ही सांगतो. ज्या मुलांना वकिली, पत्रकारिता, डिझाइन, संशोधन किंवा परदेशी शिक्षणाकडे जायचे आहे, त्यांना ही पाच वर्षे मानवतात.

शाळा पाहायला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या. जलतरण तलाव आणि वातानुकूलित वर्ग तुम्हाला दाखवतीलच. तुम्ही तीन गोष्टी मागा: सातवीच्या एखाद्या धड्याची शिक्षकांनी लिहिलेली आखणी, नाव झाकून एका विद्यार्थ्याची तपासलेली वही, आणि गेल्या तीन वर्षांत सहावीचे किती शिक्षक बदलले याचे उत्तर. वहीत शिक्षकाने नुसते 'गुड' लिहिले आहे की पुढे काय सुधारायचे ते लिहिले आहे, ते वाचा. मग मुलाला वर्गात अर्धा तास बसू देण्याची विनंती करा आणि घरी येताना त्याला विचारा की तिथे मुलांनी काय काय विचारले.

पुढच्या अंकात केंब्रिजच्या अभ्यासक्रमाविषयी लिहू, इन्शाअल्लाह. त्याबद्दलचे प्रश्न महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवावेत, आणि मुलाची इयत्ता व सध्याचे माध्यम जरूर लिहावे.